दर दोन तासांनी कूस

आत्याला आम्ही वृद्धसेवा केंद्रात ठेवलं तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती आणि मी एक्कावन्न. म्हणजे दोघंही कळत्या वयाची. तिला कळत होतं, मला कळत नव्हतं, एवढाच काय तो फरक.

ती माझ्या वडिलांची धाकटी बहीण. नवरा तरुणपणीच गेला, मूलबाळ नाही. नोकरी सरकारी नर्सची. निरवांगी आणि आसपासच्या वस्त्यांवर तिनं एकतीस वर्षं बाळंतपणं केली, लशी टोचल्या, जखमा धुतल्या, आणि दारू पिऊन बाळंतिणीच्या खोलीत शिरणाऱ्या नवऱ्यांना ओसरीवर बसवून ठेवलं. लोक तिला नर्सबाईच म्हणतात. रिटायर झाल्यावरही ती निरवांगीतच राहिली. एका सकाळी अंगण धुताना पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. बारामतीला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "घरी न्या, पण चार-सहा महिने कोणीतरी सतत जवळ पाहिजे."

आमच्या घरी तीन माणसं. मी कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो, बायको बँकेत, आणि मुलगी बारावीला. घरात बारावी असली की बाकीच्यांनी आजारी पडायचं नसतं, मरायचंही नसतं, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. आत्याला हा नियम माहीत नसावा.

मग कोणीतरी केंद्राचं सांगितलं. बारामतीहून इंदापूरकडं जाताना, मुख्य रस्ता सोडून आत, उसाच्या रानात पांढरी दुमजली इमारत. दारात तुळस, भिंतीवर सुविचार, आणि संचालकांचा आवाज इतका मऊ की त्यात माणूस रुतून बसावा.

"आमच्याकडं पेशंट नसतात सर," ते म्हणाले, "आमच्याकडं देव असतात."

मला भरून आलं. देव म्हटल्यानं केवढी सोय होते हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. देवाला तहान लागलीय का, देवाचे कपडे ओले आहेत का, असं कोणी विचारायला जात नाही. आठवड्यातून एकदा आंघोळ घालावी, गंध लावावं, दर्शनाला लोक सोडावेत.

दर्शनाची वेळ रविवारी अकरा ते एक. येण्याआधी फोन करायचा. "रोज आलात तर त्यांना घराची आठवण होते, मन रमत नाही," संचालक म्हणाले. मला हा विचार फार शास्त्रीय वाटला. रोज यायला मला वेळ नव्हता, आणि रोज न येणं हेच आत्याच्या हिताचं आहे असं एका जाणकार माणसानं सांगितलं, यापरतं सुख कोणतं! अशा ठिकाणी उपचार होतात ते खरे नातेवाइकांवर, आणि मी पहिल्याच भेटीत पूर्ण बरा होऊन घरी आलो.

पहिला रविवार चुकला. दुसऱ्या रविवारी गेलो तेव्हा आत्या पावडर लावून, केस विंचरून, स्वच्छ साडीत उशीला टेकून बसली होती. खोलीत सहा खाटा, सगळ्यांवर एकसारख्या फुलाफुलांच्या चादरी. मी म्हणालो, "छान ठेवलंय की गं."

"सकाळी आंगूळ घातली," आत्या म्हणाली.

"बघ, किती काळजी घेतात."

"मागल्या रविवारी बी घातली व्हती."

"मग झालं तर."

"मधी सा दिस व्हते," ती म्हणाली.

मी हसलो. आत्याचा स्वभावच तिरकस, असं मनाशी म्हणालो. तिच्या नाकावरचा चष्मा तिचा नव्हता हेही मी पाहिलं. तिचा काळ्या काड्यांचा, हा सोनेरी. विचारलं तर तिनं सांगितलं की सगळ्यांचे चष्मे एका डब्यात ठेवतात आणि रविवारी वाटतात. ज्याला जो मिळेल तो. "शेजारनीला बाप्याचा मिळालाय," ती म्हणाली.

शेजारीण म्हणजे कन्हेरीच्या एक काकू. आत्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेलेली, वाचाही गेलेली. फक्त डोळे फिरायचे. त्यांच्या मुलाचं कन्हेरीत खत-बियाण्यांचं दुकान आहे, तो महिन्यातून एकदा येऊन जायचा. काकूंना बोलता येत नव्हतं म्हणून केंद्रातल्या सगळ्यांच्या त्या लाडक्या होत्या. संचालक माझ्यादेखत म्हणाले होते, "यांची कधी तक्रार म्हणून नाही."

त्याच्या पुढच्या रविवारपासून आत्यानं रिपोर्ट द्यायला सुरुवात केली. रिपोर्टच म्हणायला हवा. रडणं नाही, आरडाओरडा नाही. एकतीस वर्षं वरच्या डॉक्टरांना जसं सांगत आली तसं सांगायची.

"पानी मोजून देत्यात. सकाळी एक ग्लास, दुपारी अर्दा."

"का बरं?"

"पानी कमी तर लघवी कमी. लघवी कमी तर कापडं बदलाया नगंत. आन् हिची," तिनं काकूंकडं हनुवटी केली, "कूस कोन बदलत न्हाय. दर दोन तासाला बदलाया पायजे. हितं आंबा पिकत घातल्यागत घातलंय."

मी बाहेर येऊन संचालकांशी बोललो. बोललो म्हणजे काय, हसत हसत, दोन शिकलेली माणसं तिसऱ्या अडाणी माणसाबद्दल बोलतात तसं. ते म्हणाले, "या वयात थोडा संशय येतो, सर. तुम्ही तर जाणता." मी जाणतो असं कोणी म्हटलं की मला विरोध करता येत नाही. दर जुलैत मी अकरावीच्या पोरांना मूलभूत हक्क शिकवतो. मनुष्याला प्रतिष्ठेनं जगण्याचा हक्क आहे, हे वाक्य मी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा ओढतो. त्या रविवारी मात्र मान डोलावली आणि गाडीला किल्ली लावली.

एका रविवारी गेलो तर केंद्रात मांडव. कुणा तरुण नेत्याचा वाढदिवस होता. गाड्या आल्या, पोस्टर आलं, केळी आली, केक आला. सहा खाटांच्या खोलीत वीस कार्यकर्ते शिरले. साखरेचा आजार असलेल्या चार म्हाताऱ्यांना नेत्यानं स्वतःच्या हातानं क्रीमचा केक भरवला, प्रत्येकीबरोबर फोटो काढला. काकूंना गिळता येत नव्हतं तर त्यांच्या ओठांना क्रीम लावलं. मग प्रत्येक खाटेवर एकेक ब्लँकेट ठेवलं. मलाही फोटोत ओढलं. मी हसून उभा राहिलो; फोटो निघताना हसायची आपल्याला सवयच असते.

गाड्या गेल्या. अजून धूळ खाली बसायची होती, तोच तिथं काम करणाऱ्या मावशी आल्या आणि ब्लँकेटं गोळा करून पुन्हा प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घालू लागल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"आतल्या कपाटात ठेवत्यात," त्या म्हणाल्या. "खराब हुत्यात न्हायतर."

आत्या माझ्याकडं बघून म्हणाली, "ह्येच ब्लँकेट मला चवथ्यांदा मिळालं. कोपऱ्यात चहाचा डाग हाय, वळखते मी त्येला."

त्याच दिवशी, सगळी गेल्यावर, तिनं माझा हात धरला. तिचं बोट काकूंच्या खाटेकडं.

"हिची चादर उचल."

"काय?"

"माज्यानं उठवत न्हाय. तू उचल, आन् पाठ बग. वास येतोय का न्हाय तुला?"

वास येत होता. वर पावडर, त्याखाली फिनेल, आणि त्याच्याही खाली काहीतरी गोडसर, कुजकट. मी म्हणालो, "फिनेलचा असेल."

"फिनेल एकतीस वर्सं वापरलंय मी. बेडसोर हाय त्यो, पडून पडून झाल्याला. लई आत गेलाय. चादर उचल, बग, आन् हिच्या पोराला फोन लाव."

"अगं परक्या बाईची चादर मी कशी उचलू?"

आत्यानं माझ्याकडं असं पाहिलं की आजही आठवलं की मान खाली जाते. "जल्मभर परक्या बायांच्याच चादरी उचलल्या मी," ती म्हणाली. "तवा कुठं तुमी पोरं जगलात."

काकू माझ्याकडं बघत होत्या. बोलता न येणारं माणूस बघतं तसं, डोळ्यांनी सगळं बोलून. मी चादर उचलली नाही. मी काय केलं, तर सभ्य माणसाला शोभेल असं केलं. खाली जाऊन संचालकांच्या कानावर घातलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. कोणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं, आणि मी सांगितलं.

पुढच्या रविवारी आत्या झोपलेली होती. भर अकरा वाजता, तोंड उघडं, लाळ ओघळलेली. हलवलं तरी डोळे उघडेनात. संचालक म्हणाले, "रात्री झोपत नव्हत्या, फार बोलायच्या. शेजारच्यांना त्रास. थोडा डोस वाढवलाय. आता शांत आहेत." शेजारच्यांना त्रास! शेजारी काकू होत्या, आणि आत्या बोलत होती ती त्यांच्यासाठी. माझ्या तक्रारीची दखल घेतली गेली होती; इतकी तातडीची दखल मी कुठल्याच कार्यालयात पाहिलेली नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी काकूंची खाट रिकामी होती. नवी चादर, ताठ.

"घरी गेल्या," मावशी दाराकडं बघत म्हणाल्या.

आत्या अर्धवट जागी होती. जीभ जड. "मंगळवारी गेली," ती म्हणाली. "घरी न्हाय." आणि डोळे मिटले.

मी घरी आलो. बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिचे हात थांबले. तिनं मला एकही दोष दिला नाही, ती फक्त म्हणाली, "उद्या जा. फोन न करता." मग थोड्या वेळानं, "आणि घेऊनच ये. बारावीचं बघू."

सोमवारी मी रजा टाकली आणि केंद्रावर पोचलो. फाटक बंद. राखणदार म्हणाला, "आज भेट न्हाय. रविवारी या." मी म्हणालो, माझी आत्या आहे. तो म्हणाला, "समद्यांची कोन ना कोन हायच की आत." मी फोन लावला, संचालकांचा लागेना. रागानं दोनदा फाटक हलवलं, त्यानं कुत्र्याशिवाय कोणी उठलं नाही.

मग मला सुचलं. गाडी वळवली, मुख्य रस्त्याला येऊन पहिली बेकरी गाठली आणि एक अननसाचा केक घेतला. त्यावर काय लिहू, बेकरीवाल्यानं विचारलं. काहीच नको म्हणालो. परत फाटकावर येऊन केकचा खोका काचेतून दाखवला. "वाढदिवस आहे. दान द्यायला आलोय."

फाटक उघडलं. राखणदारानं सलामही ठोकला.

आत सोमवार होता. फुलाफुलांच्या चादरी नव्हत्या, खाटांवर नुसतं रेक्झिन. पंख्याला माश्या जुमानत नव्हत्या. सगळ्या मजल्यावर एकच मावशी, फडकं घेऊन तिसऱ्या खोलीत. माझ्या आत्याचं डावं मनगट ओढणीनं खाटेच्या गजाला बांधलेलं होतं. परकर ओला, तोही कालचा वाळून परत भिजलेला. ओठांना भेगा. मी तिला हाक मारली तेव्हा तिनं डोळे उघडून आधी माझ्या हातातला खोका पाहिला.

"कुनाचा वाढदिवस?" ती म्हणाली.

मी गाठ सोडायला लागलो. गाठ सुटेना. मावशी धावत आल्या. "दादा, आवो बांदलं न्हाय तर पडत्यात. मी एकलीच हाय. दुसरी बाई सोडून गेली त्याला महिना झाला. वर बावीस मान्सं. कुनाला पानी पाजू, कुनाला पुसू?" आणि तिथंच भिंतीला टेकून त्या रडायला लागल्या. मी त्यांच्यावर ओरडायच्या तयारीनं आलो होतो. ओरडायला माणूस चुकीचं निघालं. मऊ आवाजाचं माणूस त्या वेळी कुठंतरी व्याख्यान देत होतं, विषय ज्येष्ठांची सेवा.

आत्या चार घोट, थांबून पुन्हा चार घोट असं करत दोन ग्लास पाणी प्यायली. मग म्हणाली, "उजवी टाच बग."

या वेळी मी चादर उचलली, म्हणजे जे काही अंगावर होतं ते. टाचेवर रुपयाएवढा काळा डाग, कडेनं लाल. मी नजर वळवली. ती मात्र विचारत होती, "काळं हाय का पिवळं? कड गरम लागती का? हात लाव, लाव. मरत न्हाईस."

तासाभरानं संचालक आले. आवाज तसाच मऊ. "असं अचानक, सर? आधी सांगितलं असतं तर…" तर चादर घातली असती, हे वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण केलं. त्यांनी सोडण्याचा कागद पुढं केला. छापील होता. रुग्ण उत्तम स्थितीत ताब्यात मिळाला, कोणतीही तक्रार नाही, खाली सही. नवीन गाडी घेताना सही करतात तसं. मला तिथून निघायचं होतं. मी पेन काढलं.

"थांब," आत्या म्हणाली. तिला चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं, मान धड उभी राहत नव्हती. "त्ये खोड. मी सांगते तसं लिही. उजव्या टाचंवर बेडसोर, काळा, रुपयायेवडा. ओठ सुकल्यालं. डाव्या मनगटाला बांदल्याचा वळ. कपडे वले. तारीख घाल, टाइम घाल."

मी लिहिलं. पोरांना मी वर्षानुवर्षं उत्तरं लिहून देत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा मला कोणीतरी नीट लिहायला शिकवत होतं. संचालक म्हणाले, "आजी, याची काय गरज?" आत्या म्हणाली, "रेकार्ड लागतं." मी कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि सही केली. केक तिथंच टेबलावर राहिला. मावशींनी खाल्ला असेल तर बरं.

घरी आल्यावर कळलं की जे काम आम्हाला अशक्य वाटत होतं ते नुसतं कटकटीचं होतं. हॉलमधला सोफा शेजाऱ्यांकडं गेला, तिथं खाट आली. मुलीनं फ्रिजच्या दारावर तक्ता लावला: डावी कूस, पाठ, उजवी कूस, दर दोन तासांनी. दुपारी आम्ही तिघंही घराबाहेर, म्हणून तळमजल्यावरच्या एक बाई येऊ लागल्या. आत्यानं त्यांना चार दिवसांत तयार केलं. आमचीही तशीच शाळा घेतली. "ढकलायचं न्हाय, खांद्याला आन् कमरंला धरून वळवायचं. टाच हवंत ठेव, पोटरीखाली उशी." मी पहिल्यांदा तिचे कपडे बदलले तेव्हा लाजेनं भिंतीकडं बघत होतो. ती म्हणाली, "भिताडाला काय झालं न्हाय. हिकडं बग." मुलगी जीवशास्त्राचा धडा म्हणत म्हणत ड्रेसिंग करायची, आणि आत्या मधेच तिची चूक काढायची. टाच भरायला अडीच महिने लागले. बारावीला काही झालं नाही. मार्क जेवढे पडायचे तेवढेच पडले.

दरम्यान मी तक्रार केली. जिथं जिथं करता येते तिथं केली, सोबत कागदाचा फोटो. चौकशी समिती नेमली गेली, आणि समितीनं केंद्राला रीतसर पत्र पाठवून, वेळ ठरवून, रविवारी अकरा वाजता भेट दिली. आमच्या कॉलेजातही समिती येणार असली की आम्ही कुंड्या मागून आणतो, तेव्हा मी कुणाला हसणार? समितीला चादरी आवडल्या. रहिवासी समाधानी आढळले. मला कार्यालयात बोलावून एका साहेबांनी विचारलं, "तुमचा पेशंट आता कसा आहे?"

"बरा आहे," मी म्हणालो.

"मग?" ते म्हणाले, खरोखरच काही न समजून.

आत्याला सांगितलं तर तिला नवल वाटलं नाही. "तू जित्या मान्साची तक्रार केलीस. मेलेल्याची करनारा कुठं हाय? कन्हेरीला जा. तिच्या पोराला घिऊन ये."

मी जातो म्हणालो आणि तीन आठवडे गेलो नाही. कधी पेपर तपासायचे होते, कधी गाडीचं टायर. अखेरीस ती जेवायचीच थांबली, दोन वेळा ताट परत पाठवलं, तेव्हा गेलो.

दुकानात खताच्या पोत्यांच्या वर काकूंचा फोटो होता, ताजा हार. मुलगा माझ्यापेक्षा थोडा लहान, सज्जन माणूस. आत्या त्यांच्या शेजारी होती म्हटल्यावर त्यानं खुर्ची पुसून दिली. "लई सेवा केली वो त्यांनी आईची," तो म्हणाला. "शेवटाला कायबी त्रास झाला न्हाय म्हनत व्हते. तेराव्याला आमी तितं समद्यांना जेवान दिलं."

मी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांत धरून बसलो. मला एवढंच म्हणता आलं, "आत्यानं तुम्हाला बोलावलंय."

तो त्याच संध्याकाळी आला. आत्या खाटेवर उठून बसली होती, तिनं त्याला जवळ बसवलं आणि काही न झाकता सांगितलं. कुठं जखम होती, कधीपासून असावी, कूस कशी बदलली गेली नाही, ताप कधी आला, डॉक्टर कधी आला नाही. माझी बायको मधेच म्हणाली, "आत्या, जरा…" आत्यानं हात वर करून तिला थांबवलं. तो खाली बघत ऐकत होता.

मग त्यानं विचारलं, "दुकत व्हतं का तिला?"

मला वाटलं, आता तरी नाही म्हणेल. कोणीही म्हटलं असतं. संचालक तर नक्कीच म्हणाले असते.

"व्हय," आत्या म्हणाली. "दुकत व्हतं. मी बोलायचे तिच्यासंगं. मला उठवत नव्हतं, हात पोचत नव्हता. तिला सांगायचे, मी जागी हाय. मग मला गोळी द्याया लागले."

त्यानं तोंडावरून रुमाल फिरवला. आणि मग माझ्याकडं वळला. "तुमी येत व्हता की दर रविवारी."

"येत होतो."

"तुमाला वास न्हाय आला?"

"आला होता," मी म्हणालो. "आत्यानं मला चादर उचलायला सांगितली होती. मी उचलली नाही."

तो उठला. आत्याच्या पायाला हात लावला आणि चहा तसाच ठेवून निघून गेला. माझ्याकडं त्यानं परत पाहिलं नाही. त्या घटकेला त्यानं मला दोन लगावल्या असत्या तर मला जरा मोकळं वाटलं असतं. पण मला मोकळं वाटावं ही त्याची जबाबदारी नव्हती.

चार दिवसांनी त्याचा फोन आला. "कागद तयार करा. मी सही करतो." शेवटच्या दिवशी ज्या दवाखान्यात काकूंना हलवलं होतं तिथले कागद त्यानं आणले. त्यात जखमेचं मोजमाप होतं, ते वाचून माझी बायको आतल्या खोलीत निघून गेली. तो आत्यासमोर बसला, आत्या सांगत गेली, मी लिहीत गेलो. यात माझं काम लेखनिकाचं, आणि त्या कामाला मी तेव्हापर्यंत बऱ्यापैकी तयार झालो होतो. माझं नाव कुठं घालायचं विचारलं तर आत्या म्हणाली, साक्षीदार म्हणून घाल, आन् चादर उचलली न्हाय ह्ये बी घाल. घातलं.

खत-बियाण्यांच्या दुकानदाराला तालुक्यातली निम्मी माणसं ओळखतात. या वेळी समिती बुधवारी गेली, पत्र न पाठवता. आणि बुधवारी तिथं काय असतं ते तिनं पाहिलं.

केंद्र बंद झालं असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. इतका अन्याय आपल्याकडं कोणी कोणावर करत नाही. नोटीस निघाली. संचालक प्रकृतीच्या कारणानं बाजूला झाले आणि त्यांचे मेहुणे संचालक झाले. दोन शिकलेल्या नर्स आणि तीन बाया कामाला घ्याव्या लागल्या. भेटीची वेळ रोज झाली, फोनची अट गेली. काकूंबद्दल जबाबदारी निश्चित करण्याचं काम चालू आहे. ते चालू असल्याचं आम्हाला पत्रानं कळवलं जातं.

त्या रडणाऱ्या मावशी अजून तिथंच आहेत. आत्याचा नंबर त्यांनी कुठून मिळवला माहीत नाही, पण अधूनमधून दुपारी फोन येतो. "बाई, एकीची पाट लाल दिसती, काय करू?" आत्या चष्मा लावून, जणू फोनमधून दिसणारच आहे अशा थाटात, विचारत सुटते: दाबल्यावर पांढरं होतं का, कातडी फुटलीय का, शेवटची कूस कधी बदलली. आणि शेवटी, "नर्सला दाखव, आन् रजिस्टरात लिहून घ्यायला लाव."

ती आता वॉकर धरून हॉलभर फिरते. निरवांगीला जायचं म्हणते, आम्ही उन्हाळ्यानंतर म्हणतो, ती आमच्याकडं बघते. तिला आमचा तेवढाच भरवसा आहे जेवढा आम्ही कमावलाय.

कन्हेरीचा तो मुलगा बारामतीला मालाला आला की घरी येतो. कधी वांगी, कधी भुईमुगाच्या शेंगा. मी दार उघडतो. तो विचारतो, "आत्याबाई हायेत का?" मी बाजूला होतो, तो चपला काढतो आणि आत जातो. दोघं तासभर बोलत बसतात. चहा मीच करतो. आता तो चहा पितो.